मदत हवी आहे: पेपालचा घटता भांडवली खर्च कसा वाचावा?

सर्वांना नमस्कार.

ऑनलाइन पैसे देण्या-घेण्याची सेवा चालवणाऱ्या पेपाल या अमेरिकी कंपनीचे थोडे समभाग माझ्याकडे आहेत. दिवाळीच्या सुट्टीत तिचे २०१८ ते २०२४ या सात वर्षांचे वार्षिक अहवाल समोर ठेवून मी एक तक्ता तयार केला. हिशेबाची मला सवय आहे, कारण एका पतसंस्थेत मी वीस वर्षे लेखा विभागात काम केले. पण तिथे भांडवली खर्च, म्हणजे अनेक वर्षे टिकणाऱ्या मालमत्तेवरचा खर्च, म्हणजे तिजोरी, कपाटे, फार तर शाखेसाठी घेतलेला गाळा. जिची यंत्रसामग्री म्हणजे मुख्यतः सॉफ्टवेअरच आहे, अशा कंपनीचा हाच आकडा वाचताना माझी गाडी अडली आहे.

रोख प्रवाह पत्रकातील 'पर्चेसेस ऑफ प्रॉपर्टी अँड इक्विपमेंट' (मालमत्ता व यंत्रसामग्रीची खरेदी) ही ओळ मी घेतली. २०१८ मध्ये हा खर्च ८२.३ कोटी डॉलर होता. २०१९ मध्ये तो ७०.४ कोटींवर आला आणि करोनाच्या काळात ऑनलाइन खरेदीला उधाण आले तेव्हा २०२० मध्ये ८६.६ आणि २०२१ मध्ये ९०.८ कोटींपर्यंत चढला. त्यानंतर मात्र २०२२ मध्ये ७०.६, २०२३ मध्ये ६२.३ आणि २०२४ मध्ये किंचित वर, ६८.३ कोटी. याच काळात महसूल सुमारे १,५४५ कोटी डॉलरवरून ३,१८० कोटींवर गेला. म्हणजे शंभर डॉलर महसुलामागे जिथे पाच डॉलरहून थोडे अधिक भांडवली कामात जात होते, तिथे आता जेमतेम दोन डॉलर जातात.

व्यवसाय दुप्पट होऊनही यंत्रसामग्रीवरचा खर्च कमी होणे हे कार्यक्षमतेचे लक्षण मानावे, की कंपनी उद्याच्या कामावरचा खर्च टाळून आजचा रोख प्रवाह सजवते आहे असे समजावे, हा माझा मुख्य प्रश्न आहे. माझी शंका दोन कारणांनी बळावली. २०२४ मध्ये घसारा व तत्सम वजावट १०३.२ कोटी डॉलर होती, म्हणजे जेवढी मालमत्ता झिजली असे पुस्तकात दिसते, त्याच्या दोन-तृतीयांश एवढीच नवी घातली गेली. दुसरे म्हणजे, त्याच वर्षी स्वतःचे समभाग परत विकत घेण्यावर कंपनीने सुमारे ६०० कोटी डॉलर खर्च केले, जे भांडवली खर्चाच्या जवळपास नऊपट होतात. व्हिसाचे चित्र नेमके उलटे आहे. तिचा हा खर्च २०२१ च्या ७०.५ कोटींवरून २०२४ मध्ये १२५.७ कोटींवर गेला. (व्हिसाचे आर्थिक वर्ष सप्टेंबरअखेर संपते हे लक्षात न आल्याने पहिल्या तक्त्यात माझे सगळे रकाने तीन महिन्यांनी सरकले होते. कोणी अशी तुलना करणार असेल तर जपून.)

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. समभाग ठेवावेत की विकावेत, हा सल्ला मला नको आहे. आकडा वाचायची रीत हवी आहे.

प्रतिसाद १

तुमचा तक्ता बरोबर आहे, पण घसाऱ्याशी केलेल्या तुलनेत गोम आहे. रोख प्रवाह पत्रकातील घसाऱ्याच्या ओळीत दोन गोष्टी एकत्र असतात: यंत्रे व स्वतःच्या सॉफ्टवेअरचा घसारा, आणि दुसऱ्या कंपन्या विकत घेताना ताळेबंदात आलेल्या ग्राहकयादी, नाममुद्रा वगैरे अमूर्त मालमत्तेची वर्षागणिक वजावट. पेपालने २०१८ मध्ये आयझेटल (छोट्या दुकानदारांना कार्डाने पैसे घेण्याची सोय देणारी कंपनी) सुमारे २२० कोटी डॉलरला आणि जानेवारी २०२० मध्ये हनी (ऑनलाइन खरेदीसाठी सवलतीची कूपने शोधून देणारी कंपनी) सुमारे ४०० कोटी डॉलरला घेतली. त्या खरेदीची वजावट सर्व्हर जुने झाल्याची खूण नव्हे. वार्षिक अहवालातील अमूर्त मालमत्तेची टीप उघडा, तिथला आकडा आधी वजा करा आणि उरलेल्या घसाऱ्याशी भांडवली खर्च ताडून पाहा.

दुसरा मुद्दा पगारांचा. अमेरिकी लेखा नियमांनुसार एखादा अभियंता नवी प्रणाली प्रत्यक्ष बांधत असतो तेव्हा त्याचा पगार मालमत्तेत जातो. तोच अभियंता आधी चाचपणी करत असेल किंवा नंतर डागडुजी करत असेल, तर तो पगार महसुली खर्च ठरतो, म्हणजे सगळा त्याच वर्षाच्या नफ्यातून वजा होतो. त्यामुळे भांडवली खर्च एकटा वाचूच नये, शेजारी 'टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंट' (तंत्रज्ञान व विकासावरचा महसुली खर्च) ही ओळ ठेवावी. २०२२ मध्ये ती सुमारे ३२५ कोटी डॉलर होती आणि २०२३ व २०२४ मध्ये २९७-२९८ कोटींच्या आसपास राहिली. दोन्ही आकडे बरोबरच उतरले, म्हणजे पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला नाही. जानेवारी २०२३ मध्ये सुमारे २,००० आणि जानेवारी २०२४ मध्ये सुमारे २,५०० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर झाले होते, हेही त्याच्याशी जुळते. माझ्या मते हात आखडता घेतला गेला हे खरे, पण २०२१ हे फुगलेले वर्ष होते. तिथून मोजले की कोणतीही उतरण जास्त तीव्र दिसते.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात एक भर घालतो. स्वतःचे सर्व्हर विकत घेतले तर ते भांडवली खर्चात दिसतात. तेच काम क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, भाड्याने नेले की भाडे महसुली खर्चात जाते आणि खर्च न घटताही तुमची ओळ खाली येते. भाड्याच्या सॉफ्टवेअरच्या उभारणीचा खर्च २०१८ च्या सुधारित नियमाप्रमाणे काही वर्षांत विभागता येतो, पण त्याची रोख रक्कम कामकाजाच्या प्रवाहातच दाखवावी लागते, त्यामुळे तो या ओळीत कधीच येत नाही.

रोख प्रवाह सजवल्याची शंका मला पटत नाही. भांडवली खर्च वजा जाता उरणारी रोख २०२३ मध्ये सुमारे ४२२ कोटी होती आणि २०२४ मध्ये ६७७ कोटी झाली, तीही भांडवली खर्च सहा कोटींनी वाढलेला असताना. यातला काही फरक पेपालने युरोपातील ग्राहकांना खरेदीसाठी दिलेली हप्त्यांची कर्जे विकण्याच्या व्यवहाराचा आहे: २०२३ मध्ये कर्जे देताना गेलेला पैसा कामकाजात धरला गेला आणि विक्रीतून आलेल्या पैशाचा काही भाग गुंतवणुकीच्या प्रवाहात. एवढ्या मोठ्या हालचालीपुढे साठ-सत्तर कोटींची ओळ किरकोळ आहे.

मास्टरकार्डही तक्त्यात घेणार असाल तर तिथे दोन ओळी बेरजेला घ्या. यंत्रसामग्री आणि भांडवलात धरलेले सॉफ्टवेअर ती वेगवेगळे दाखवते, आणि अलीकडच्या वर्षांत दुसरी ओळ पहिलीपेक्षा मोठी असते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मास्टरकार्डची एकच ओळ घेऊन मी तिला काटकसरी ठरवून मोकळा झालो होतो. ते आता दुरुस्त केले. घसाऱ्याचा रकाना तोडून दोन केले आहेत आणि टीपांमधून अमूर्त मालमत्तेचे आकडे एकेक वर्ष करून भरतो आहे. एक उपप्रश्न राहतो: सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी लेखा मानक मंडळाने सॉफ्टवेअर खर्चाच्या नियमातील टप्पे (प्रतिसाद १ मधले चाचपणी, बांधणी, डागडुजी) काढून टाकले आणि १५ डिसेंबर २०२७ नंतर सुरू होणाऱ्या वर्षांपासून नवा नियम लागू होईल असे वाचले. तसे झाल्यास २०२८ चा आकडा आधीच्या वर्षांशेजारी मांडण्यापूर्वी नेमकी कोणती टीप तपासावी?