जँगो फॉर्मसेट: मधली ओळ काढली की शेवटची गायब होते, मदत हवी आहे

मामांच्या हार्डवेअरच्या दुकानासाठी जँगोमध्ये (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) बिलाचं छोटं अ‍ॅप लिहितोय. बिलात किती ओळी येतील ते आधी ठाऊक नसतं, म्हणून इनलाइन फॉर्मसेट घेतला, म्हणजे एका बिलाला जोडलेला एकसारख्या फॉर्मचा संच; बिलाची प्रत्येक ओळ हा एक फॉर्म. ‘ओळ वाढवा’ दाबलं की एम्प्टी_फॉर्मची (जँगो देतो तो कोरा नमुना फॉर्म) प्रत काढून त्यातल्या __प्रिफिक्स__च्या जागी ओळीचा पुढचा आकडा घालतो आणि टोटल_फॉर्म्स (एकूण किती फॉर्म ते सांगणारं लपलेलं फील्ड) एकाने वाढवतो. इथपर्यंत झकास.

‘काढा’ दाबलं की ओळ पानावरून उडवतो आणि टोटल_फॉर्म्स एकाने कमी करतो. काल मामांनी खिळे, सिमेंट, ब्रश, रंग असं बिल केलं. गिऱ्हाईक ब्रश नको म्हणालं. ब्रश काढून सेव्ह केलं, तर छापून आले फक्त खिळे आणि सिमेंट! “रंग फुकट वाटायचाय का रे?” हे ऐकून घेतलं.

एरर कुठेच नाही, इज_व्हॅलिड (जँगोची तपासणी) ट्रू. रिक्वेस्ट.पोस्ट (पानावरून सर्व्हरला आलेली माहिती) प्रिंट केलं तर त्यात रंग दिसतोय, आयटम्स-3-नाव म्हणून. मग जातो कुठे?

प्रतिसाद १
टोटल_फॉर्म्स आता 3 आणि मोजणी 0 पासून, म्हणजे जँगो 0, 1, 2 एवढेच फॉर्म बांधणार. 3 कडे तो बघतच नाही. 2 म्हणजे काढलेला ब्रश, त्यात काहीच आलं नाही, पण तो जादाचा रिकामा फॉर्म समजून मुकाट सोडून देतो. म्हणून एरर नाही. त्या फॉर्ममध्ये एखाद्या फील्डला डीफॉल्ट (आधीच भरलेली) व्हॅल्यू असती तर निदान बोंब तरी मारली असती.

ओळ उडवू नका आणि टोटल_फॉर्म्स कमी करू नका. कॅन_डिलीट चालू ठेवा (त्याने प्रत्येक ओळीला डिलीट चेकबॉक्स मिळतो; इनलाइनमध्ये असतंच), ‘काढा’वर त्या ओळीच्या डिलीट चेकबॉक्सवर टिक करा आणि ओळ नुसती लपवा. इनिशियल_फॉर्म्सला (आधी सेव्ह असलेल्या ओळींचा आकडा) हात लावू नका, जुन्या बिलाच्या ओळी त्यावरूनच ओळखल्या जातात.

प्रतिसाद २
आणि नव्या ओळीचा आकडा टोटल_फॉर्म्समधूनच घ्या. दिसणाऱ्या ओळी मोजून घेतलात तर एकाच आकड्याच्या दोन ओळी होतील.

धागाकर्ता
जमलं! एम्प्टी_फॉर्म मी हाताने रेंडर करत होतो (एकेक फील्ड स्वतः पानावर मांडत होतो), त्यात डिलीट फील्डच टाकलं नव्हतं. ते घातलं आणि रंग परत आला. फक्त स्क्रीनवरच्या बेरजेत लपवलेला ब्रश अजून धरला जातोय, पण ती चूक माझ्याच जावास्क्रिप्टची. मामा उठायच्या आत उरकतो.