खाऱ्या पाण्यातले नवे मासे वेगळे ठेवायचे आहेत, औषध कोणतं? सल्ला हवा

सागरवेडा: मुख्य टँक २५० लिटरचा, प्रवाळ आणि कोळंबी आहेत. आता क्लाउनफिशची जोडी आणि नंतर पिवळा टँग मासा आणायचा विचार आहे. ४० लिटरचा रिकामा टँक, हीटर, स्पंज फिल्टर घरात आहे. याउपर खर्च करायचा नाही. कॉपर (परजीवी मारणारं तांब्याचं औषध) द्यावं का?

समुद्रफेन: ४० लिटर विसरा. किमान १२० लिटर घ्या, यूव्ही दिवा लावा, कॉपर मोजायला हॅना कंपनीचा डिजिटल चेकर घ्या. माझ्याकडे हे सगळं आहे आणि मुख्य टँकमध्ये आजवर एकाही माशावर ठिपका नाही.

खारट: अहो, खर्च नको म्हणालेत ना ते. आणि वेगळं ठेवायची गरजच काय? खाण्यात लसूण द्या, इच (पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग) जातो. शिवाय कोळंबी मासे साफ करते.

मत्स्यांकित: लसणाने इच जात नाही. ठिपके गेले म्हणजे परजीवी माशावरून गळून तळाशी कोशात बसले. एकेका कोशातून शेकडो पिल्लं निघतात. एकदा इच मुख्य टँकमध्ये शिरला की टँक ७६ दिवस माशांविना ठेवा.

खारट: माझ्याकडे लसणाने गेला.

निळाई: माझ्याकडे टँगबरोबर व्हेल्वेट (इचसारखाच दुसरा परजीवी रोग) आला. आधी नुसता श्वास जोरात, मग प्रवाहात तोंड धरून उभा. अंगावर पिठासारखी धूळ दिसेपर्यंत वेळ गेली होती. एकही मासा उरला नाही. कॉपरच द्या.

प्रवाळी: कॉपरला अनुमोदन. कॉपर पॉवर असेल तर २.५ पीपीएम, क्युप्रामाइन असेल तर ०.५ (दोन्ही कॉपरची तयार औषधं). या दोन आकड्यांची गल्लत करू नका. त्या टँकमध्ये वाळू किंवा लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड) नको, कॉपर शोषून घेतात. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे टाका. स्पंज आत्तापासूनच मुख्य टँकमध्ये मुरवत ठेवा, म्हणजे त्यात अमोनिया खाणारे जिवाणू वसतील, नाहीतर रोगाआधी अमोनियाच मासे मारेल. आणि क्युप्रामाइन चालू असताना प्राइम (क्लोरीन, अमोनिया निष्प्रभ करणारं द्रव्य) घालू नका.

समुद्रफेन: स्पंजचं मीही सांगणार होतो. पण १२० लिटरमध्ये अमोनिया इतक्या लवकर चढतच नाही.

जाळीदार: क्लाउनफिश आहेत म्हणून लिहितो. ब्रुकलिनेला नावाचा त्वचेचा परजीवी कॉपरने जात नाही. अंगावरून चिकट पांढरा थर सुटू लागला तर फॉर्मालिन लागतं, तेही भरपूर हवा सोडून. इचसाठी स्वस्तातला उपाय म्हणजे प्लास्टिकचे दोन टब. दर ७२ तासांच्या आत मासा नव्या पाण्यात, असं चार वेळा. जुना टब, जाळी, सगळं खडखडीत वाळवायचं. कोश फुटायच्या आत मासा तिथून निघालेला असतो. व्हेल्वेटसाठी यावर विसंबू नका.

निळाई: तेच तर मी म्हणतेय. कॉपर!

सागरवेडा: सगळ्यांचे आभार. हायपोसॅलिनिटी (पाण्याची क्षारता बरीच कमी ठेवणं) करायचं ठरवलंय. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आहेच. १.००९ विशिष्ट गुरुत्वावर ३० दिवस ठेवेन, मग हळूहळू क्षारता वाढवेन. सध्या फक्त क्लाउनफिश, टँग नाही. स्पंज आजच मुख्य टँकमध्ये टाकला.

प्रवाळी: हायपोने व्हेल्वेट मरत नाही. कॉपर आणि टेस्ट किट आधीच आणून ठेवा, व्हेल्वेट दिसल्यावर मागवायला वेळ मिळत नाही. शिवाय इतक्या कमी क्षारतेत पीएच घसरतो, रोज बघा.

सागरवेडा: पीएच रोज मोजेन. किट मात्र आत्ता घेत नाही.