जुन्या मोटरहोममध्ये सीओ (कार्बन मोनॉक्साइड) डिटेक्टर कोणता? घरातला चालतो की गाडीसाठीचाच हवा?

तळ्याकाठी (मिशिगन)

गेल्या वर्षी आम्ही १९९७ सालची मोटरहोम, म्हणजे आत राहता-झोपता येणारी गाडी, घेतली. ऑक्टोबरात लेक सुपीरियरच्या काठी मुक्काम होता. थंडी बरीच, खिडक्या बंद, जनरेटर चालू. संध्याकाळी बायकोचं डोकं ठणकायला लागलं, थोड्या वेळाने मुलीला मळमळू लागलं. मी दोघींच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. ९८ आला आणि मी निर्धास्त झालो. हीच माझी चूक. साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखता येत नाही, तेही तो ऑक्सिजनवालंच धरतो.

शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी सीओचा आकडा दाखवणारा मीटर आणून आत ठेवला. ५२ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५२ भाग). जनरेटर बंद करून सगळे बाहेर आलो. त्याच्या धुराच्या नळीचा जोड तडकला होता. आमचा डिटेक्टर मात्र गप्प. काढून मागची तारीख पाहिली तर २००८! विकणाऱ्याने बटण दाबून "वाजतोय बघा" म्हणून दाखवलं होतं. त्या बटणाने भोंगा आणि सर्किट तपासलं जातं, आतला सेन्सर जिवंत आहे की नाही ते कळत नाही.

माझं ठाम मत झालंय: डिटेक्टर मोटरहोमसाठी प्रमाणित केलेलाच घ्या आणि तो गॅस डिटेक्टरपासून वेगळा ठेवा. गाडीतला गॅस म्हणजे प्रोपेन, तो हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून गॅस आणि सीओ एकत्र असलेला डिटेक्टर जमिनीलगत बसवावा लागतो. सीओचं वजन जवळपास हवेइतकंच, तो सगळीकडे मिसळतो. त्याचा डिटेक्टर जिथे आपण झोपतो तिथे, उशीच्या उंचीवर हवा.

नटबोल्ट (टेक्सस)

घरच्यांना काही झालं नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. पण निष्कर्ष पटला नाही. तुमच्याकडे घोटाळा झाला तो डिटेक्टर म्हातारा झाल्यामुळे. तो घरातला की गाडीचा, हा प्रश्नच नव्हता. मी घरातलेच दोन लावलेत, दहा वर्षांच्या सीलबंद बॅटरीचे, एक पलंगापाशी आणि एक पुढे. गाडीच्या १२ व्होल्टवरचा गॅस-सीओ जोडडिटेक्टर मी मोजला होता, ७० मिलिअँपिअर सतत खातो. महिनाभर गाडी उभी राहिली की ५० अँपिअर-तास गेले. मग लोक फ्यूज काढून ठेवतात आणि निघताना परत लावायला विसरतात.

हिमवाट (मिनेसोटा)

बॅटरीवर चालणारे, मोटरहोमसाठी प्रमाणित डिटेक्टरही मिळतात, त्यामुळे फ्यूजचं कारण टिकत नाही. अमेरिकेतल्या यूएल २०३४ या मानकात घरगुती डिटेक्टर घरातल्या तापमानाच्या हिशेबाने तपासतात. मोटरहोमसाठीच्या डिटेक्टरला उणे ४० ते ६६ अंश सेल्सिअसमधून जावं लागतं, शिवाय हादऱ्यांची चाचणी वेगळी. आमच्याकडे जानेवारीत गाडी अंगणात उणे २५ मध्ये उभी असते. घरातल्या डिटेक्टरची तेवढं सोसण्याची परीक्षाच झालेली नसते.

आंबेमोहोर (लीड्स)

इकडे ब्रिटनमध्येही हाच फरक केलाय. ईएन ५०२९१ या युरोपीय मानकाचा पहिला भाग घरांसाठी, दुसरा कॅराव्हॅन आणि बोटींसाठी. खोक्यावर दुसरा भाग लिहिलेला असेल तरच मी घेते. माझी कॅम्परव्हॅन २००१ ची आहे, तिच्यात मला "बहुतेक चालेल" नको.

रसायनी

तुम्ही सगळे एक गोष्ट सोडून देताय. तळ्याकाठी, त्या संध्याकाळी तुमच्याकडे कोरा करकरीत, गाडीसाठीचा डिटेक्टर असता तरी ५२ पीपीएमला तो वाजायला बांधील नव्हता. यूएल २०३४ प्रमाणे ७० पीपीएम असताना १ ते ४ तासांत वाजायचं, १५० ला १० ते ५० मिनिटांत, ४०० ला ४ ते १५ मिनिटांत. हे आकडे धडधाकट माणूस उठून बाहेर पडू शकेल या हिशेबाने ठरलेत. लहान मूल, गरोदर बाई, हृदयविकार असलेले आजोबा यांना त्याच्या खालीही त्रास होतो. तुम्हाला सावध केलं ते आकडा दाखवणाऱ्या मीटरने. मग खरेदीच्या यादीत तोच कसा नाही?

नटबोल्ट

मीटर ठेवा, पण शेकोटीचा धूर आला, शेजाऱ्याने जनरेटर लावला की तो ओरडणार. चार रात्री झोपमोड झाली की माणूस बॅटरी काढून टाकतो.

रसायनी

शेजाऱ्याच्या जनरेटरचा धूर खिडकीतून आत येत असेल तर मला उठायचंच आहे! खोट्या गजराचं खरं कारण जुन्या गाड्यांत अनेकदा वेगळं असतं. पलंगाखाली पाणी घालायच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात, जुना कन्व्हर्टर त्यांना जास्त चार्ज करतो आणि हायड्रोजन सुटतो. सीओचा सेन्सर हायड्रोजनलाही दाद देतो. पण "हायड्रोजनच असेल" असं धरून आत बसू नका. आधी बाहेर पडा, मग शोधा.

चिंचवडकर

मोटरहोम आमच्या विषयाबाहेरची, पण हा वायू नाही. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरने माणसं बेशुद्ध पडल्याच्या, दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. आमच्या गिझरबाहेर मी आज डिटेक्टर लावतोय. यातला कुठला आकडा बघू?

रसायनी

चिंचवडकर, घरासाठी ईएन ५०२९१ चा पहिला भाग, आणि मागे तारीख बघा. आणि गिझर न्हाणीघरातून बाहेर काढता आला तर आधी ते करा.

तळ्याकाठी

रसायनी, तुमचं म्हणणं मान्य. मीटर मागवला, उशाशी राहील. पण नटबोल्ट, टेक्ससच्या उन्हात बंद उभी गाडी ५० अंशांवर जाते, तुमच्या डिटेक्टरचं काय होत असेल?

नटबोल्ट

गाडी उभी असली की मी दोन्ही काढून घरात आणतो, दाराच्या मुठीला चिठ्ठी बांधून. सहा वर्षांत एकदाही विसरलो नाही.

हिमवाट

सातव्या वर्षी गाडी मुलगा घेऊन जाईल तेव्हा ती चिठ्ठी कोण वाचणार?