धक्क्यावर क्रेनचा पाय: दीड बाय दीडचा पॅड पुरेल का?

अंबडचा फॅब्रिकेटर:
मंडळी, आमचं ४० टनी व्हेसल, म्हणजे कारखान्याची पोलादी टाकी, कसारा घाट उतरून धक्क्यावर जाणार आणि तिथून क्रेनने बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होडीवर. माझा पाण्याशी संबंध गोदाघाटापुरता, म्हणून विचारतो. धक्क्याच्या कागदावर 'प्रति चौरस मीटर ५ टन' लिहिलंय. क्रेनवाला म्हणतो, एका आउटरिगरवर, म्हणजे क्रेनच्या बाजूला पसरणाऱ्या पायावर, जास्तीत जास्त ६० टन येतील, पायाखाली ठेवायला दीड बाय दीड मीटरचे पॅड आणतो. वर म्हणतो, "साहेब, काँक्रीट आहे, काय होतंय त्याला?"

निवृत्त रिगर, नाशिकरोड:
अहो, दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन चौरस मीटर, ६० ला सव्वादोनने भागा. २६ टनांच्या वर जातंय, म्हणजे पाचपट! पाचात बसवायचं तर १२ चौरस मीटर, साडेतीन बाय साडेतीनचा पॅड. त्याचं स्वतःचं वजन वेगळंच. तोही जाड हवा. पातळ प्लेट मधे वाकते, कडा नुसत्या शोभेला राहतात.

धक्का खांबांवर आहे की मागे भराव आहे, हे नकाशात बघा. भरावातली माती भरती-ओहोटीने वाहून जाते, वरचे पेव्हर, म्हणजे फरसबंदीचे ठोकळे, मात्र जागच्या जागी. एका जेटीवर आमचा पाय वीतभर खचला होता. नंतर हातोड्याने ठोकत गेलो, तर चार पावलं रिकाम्या डब्यासारखा आवाज. तेव्हापासून मी आधी ठोकतो.

आणि क्रेनवाल्याची सही त्याच्या क्रेनपुरती असते. पॅडच्या हिशोबावर धक्क्याच्या इंजिनिअरची सही घ्या. ब्रिटिशांच्या बीएस ५९७५ या मानकात अशा तात्पुरत्या कामांसाठी वेगळा जबाबदार माणूसच नेमायला सांगितलाय. आपल्याकडे ते काम 'बघून घेऊ' करतो.

उरणची:
दादा, पॅड झाले, आता पाणी बघा. उधाणाला आपल्याकडे पाणी ४ मीटरच्या वर चढतं. भरतीच्या सहा तासांतल्या तिसऱ्या-चौथ्या तासाला प्रत्येकी पाव हिस्सा, म्हणजे तासाला मीटरभर बार्ज वर येणार. बार्ज बांधलेल्या दोरांवर माणूस नसेल तर एक दोर ताठ, दुसरा लोंबता. बार्जची कड धक्क्याखाली अडकली तर ती तिथेच कलते. भांगाचा, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असतो तो दिवस धरा. आणि ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणाला उभं राहू देऊ नका, फोटो काढणाऱ्या मालकालासुद्धा.

अंबडचा फॅब्रिकेटर:
क्रेनवाल्याला फोन केला. साडेतीनचे पॅड वेगळ्या ट्रेलरवर येतील, भाडं तुमचं, म्हणाला. मालकांना अजून सांगितलेलं नाही. रिगरकाका, हातोडा किती किलोचा घेऊ?

निवृत्त रिगर, नाशिकरोड:
दोन किलोचा. आणि ठोकताना क्रेनचं इंजिन बंद ठेवायला सांगा, नाहीतर काही ऐकू येत नाही.