टाके आणि दोर, दोन्ही मापात हवेत

जहाजाच्या मॉडेलच्या शिडांसाठी जुन्या मलमलीचा रुमाल वापरा, ही काहींची सूचना पटते, पण शिडाच्या पट्ट्यांच्या जोडावर मशीनची शिलाई मारू नका, असं आग्रहाने सांगेन. मशीनचा टाका साधारण अडीच मिलिमीटरचा. १:४८ च्या, म्हणजे खऱ्या जहाजाच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाइतक्या मॉडेलवर तो खऱ्या मापात १२ सेंटिमीटरचा होतो. असे टाके कुठल्या शीडवाल्याने घातले असते? त्याऐवजी कापड पातळ फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवून काचेवर वाळवा आणि कडक पेन्सिलने बारीक रेघा ओढा. खऱ्या शिडाची पट्टी दोन फुटांची धरली, तर सुमारे १२.७ मिलिमीटरवर एक रेघ. उजेड मागून आला की ती हुबेहूब शिवण वाटते.

मॉडेलवर सगळे दोर काळे लावायचे, हेही पटत नाही. युरोपीय जहाजांवर डोलकाठीला धरून ठेवणारे स्थिर दोर डांबर लावलेले, म्हणून काळपट. शिडं ओढायचे दोर फिकट. आपल्या गलबताला तर काथ्याचाच तपकिरी रंग शोभतो.

आणि आपल्याकडची हवा विसरू नका. मी ऐरोलीत खाडीजवळ राहतो. सुती दोरा दमट हवेत फुगतो आणि लांबीत आखडतो. मे महिन्यात ताणून बांधलेले दोर जुलैत बारीक डोलकाठीचं टोक चक्क वाकवतात. म्हणून स्थिर दोरांना पॉलिएस्टरचाच दोरा घ्या. त्याची लव कमी असते, तरी मेणावरून एकदा ओढून घ्या. उरलीसुरली बसते आणि गाठही सरकत नाही.