विषय: पेपरमिंट हॉट चॉकलेट घरी कसं करायचं?

प्रेषक: एक सभासद

नमस्कार मंडळी,

थंडीनं जोर धरलाय, मुलांना सुट्ट्या लागतायत आणि आमच्या घरी पेपरमिंट हॉट चॉकलेटची फर्माईश सुरू झालीय. डब्यातली तयार पावडर नको आहे. तिच्यात साखरेचाच भरणा असतो आणि चव पाणचट. पण घरी करायचं म्हटलं की दोन अडचणी. कोको दुधात नीट मिसळत नाही, वर गाठी तरंगतात. आणि पेपरमिंट एक तर लागतच नाही, नाही तर धाकटी पहिल्या घोटालाच म्हणते, "आई, आत्ताच दात घासल्यासारखं वाटतंय."

मापासकट कुणी सांगेल का? मंडळाच्या हिवाळी कार्यक्रमात चाळीसेक कप करावेत असंही समितीत घाटतंय (म्हणजे सध्या माझ्याच डोक्यात), तेव्हा जास्त माणसांचं कसं जमवायचं तेही लिहा.

---

प्रेषक: काका (खजिनदार)

ताई,

कोको मुळात विरघळणारा पदार्थच नाही. बियांची बारीक पूड ती. दुधात नुसती पसरते. वर तिच्यात चरबी, त्यामुळे ती लवकर भिजत नाही. गरम दुधावर कोरडी पावडर टाकली की गोळ्याचा बाहेरचा थर ओला होऊन चिकटतो आणि आतली पूड तशीच कोरडी अडकून राहते. मग कितीही ढवळा.

म्हणून पातेल्यात आधी कोको, साखर आणि चिमूटभर मीठ कोरडंच एकत्र करा. साखरेच्या दाण्यांमुळे कोकोचे कण सुटे राहतात. त्यावर दोन-तीन मोठे चमचे गरम पाणी घालून चमच्याच्या पाठीनं पातेल्याच्या कडेला घोटा. मिश्रण चकचकीत, ओघळणारं झालं पाहिजे. एकही फिकट ठिपका दिसला तर आणखी घोटा, कारण तो ठिपका म्हणजेच उद्याची गाठ. मगच दूध, तेही आधी थोडं, मग सगळं.

एका मोठ्या कपाचं माप: सायीसकटचं दूध २५० मिली, कोको दीड मोठा चमचा, साखर तेवढीच आणि ६० ते ७० टक्के कोको असलेलं डार्क चॉकलेट २५ ग्रॅम, बारीक चिरून. कोको असताना वर चॉकलेट कशाला, असं विचाराल. कोकोच्या बीत साधारण निम्मं कोको बटर असतं. व्हॅन हाउटेन या डच घराण्यानं १८२८ मध्ये ते दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि तेव्हापासून आपण पावडर म्हणतो ती मिळायला लागली. त्या पावडरीत चरबी उरते १० ते २४ टक्के. म्हणजे रंग आणि वास कोकोतून येतो, पण घोट जिभेवर रेंगाळायला लागते ती चरबी, आणि ती चॉकलेटमधून परत मिळते. साय काढलेल्या दुधात करून 'मजा नाही आली' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

डब्यावर 'डच प्रोसेस' लिहिलेला, म्हणजे अल्कलीची प्रक्रिया केलेला कोको मिळाला तर तो घ्या. रंग गडद आणि आंबटपणा कमी. पेयाला तोच बरा.

दूध खळखळ उकळू नका. कडेला बुडबुडे आले की आच मंद करून मिनिटभर व्हिस्कनं फेटत राहा. व्हिस्क नसेल तर रवी आहेच. कोकोतल्या स्टार्चमुळे तेवढ्यात ते अंगाला जरा दाट होतं आणि फेस असला की वर सायही धरत नाही.

आता पेपरमिंट. बाटलीवर काय लिहिलंय ते आधी बघा. 'एक्स्ट्रॅक्ट' हा अल्कोहोलमध्ये उतरवलेला अर्क असतो. एका कपाला पाव छोट्या चमच्याच्या निम्मा पुरे. 'ऑइल' त्याहून कितीतरी पट तिखट. ते खाण्याचं आहे याची खात्री करा आणि टूथपिकचं टोक बुडवून कपात फिरवा, बस. दोन्हींपैकी काहीही असो, गॅस बंद केल्यावरच घालायचं. पेपरमिंटला थंडावा देणारं मेंथॉल उडून जाणारं असतं. दुधाबरोबर तापवलंत तर स्वयंपाकघर घमघमेल आणि कप रिकामाच राहील. मग माणूस वरून अजून घालतो, आणि तिथे तुमच्या धाकटीचं दात घासणं सुरू होतं.

एक विचारतो. ती कँडी केननं (पेपरमिंटच्या स्वादाच्या साखरेच्या कांडीनं) ढवळते का?

---

प्रेषक: एक सभासद

काका, कमाल आहे! हो, कँडी केननंच ढवळते. आणि ताजा पुदिना घातला तर? घरात कुंडीत आहे.

---

प्रेषक: काका (खजिनदार)

मग ती कांडी विरघळत जाते आणि प्रत्येक घोटाला पेपरमिंट वाढत जातं. कांडी द्यायची असेल तर अर्क निम्मा करा आणि वरची साखरही कमी करा. आणि तरीही दात घासल्यासारखं लागलं तर अर्क आणखी कमी करण्याआधी कोको अर्धा चमचा वाढवून बघा. मेंथॉल तोंडातल्या थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंनाच चाळवतं, म्हणून गरम घोटही गार भासतो. त्याला तोलायला कोकोचा कडूपणा लागतो.

कुंडीतला पुदिना बहुधा स्पिअरमिंट जातीचा असेल. त्यात मेंथॉल नावापुरतंच. वास छान येईल, पण तो थंडावा येणार नाही. पानं गरम दुधात पाच मिनिटं ठेवून गाळून घ्या, वेगळं पेय म्हणून चांगलं लागतं.

---

प्रेषक: वहिनी (खानपान समिती)

काका, सगळं पेपरमिंटभोवतीच फिरतंय, म्हणून मध्ये तोंड घालते. आमच्याकडे संत्रं आणि दालचिनी चालते आणि तिथे तुमचा 'शेवटी घाला' हा नियम उलटा होतो.

दालचिनीची काडी थंड दुधातच टाकायची आणि दुधाबरोबर तापवायची. मग झाकण ठेवून दहा मिनिटं विसरायचं. पूड घालू नका. ती विरघळत नाही, ओली झाली की बुळबुळीत होते आणि शेवटचा घोट घशात अडकतो. संत्र्याची फक्त वरची केशरी साल, स्वच्छ धुऊन, बटाटे सोलायच्या सोलाण्यानं पातळ काढायची. सगळं सुगंधी तेल तिथेच असतं. खालचा पांढरा भाग आला की कडू. साल गॅस बंद केल्यावर त्याच झाकणाखाली टाकायची आणि मग दालचिनीसकट गाळून घ्यायची. आणि रस अजिबात नाही! आंबटानं दूध फाटतं, मग चॉकलेटनंही ते सावरत नाही.

आलं आवडणाऱ्यांनी ते आधी वाटीभर पाण्यात चांगलं उकळावं आणि मग ते पाणी वापरावं. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, त्यानंही दूध नासतं. उकळलं की ते निकामी होतं. जायफळ मात्र अगदी शेवटी, किसणीवर दोनदा घासून. तिसऱ्यांदा नको.

आणि २५ ग्रॅम चॉकलेट रोज घालायचं तर खजिनदारांच्या घरी बजेट मोठं दिसतंय. नुसत्या कोकोत अर्धा छोटा चमचा कॉर्नफ्लोअर थंड दुधात कालवून घातलं आणि दोन मिनिटं शिजवलं तरी दाटपणा येतो. पाहुणे असतील त्या दिवशी चॉकलेट.

---

प्रेषक: काका (खजिनदार)

वहिनी, दाटपणा येतो, चव येत नाही. बाकी सगळं मान्य.

---

प्रेषक: एक सभासद (युवा विभाग)

दोन गोष्टी, कार्यक्रमाआधी सांगून ठेवतो. कपात वरून टाकतात त्या मार्शमॅलोत सहसा जिलेटिन असतं, ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात. आपल्याकडे शाकाहारी मंडळी बरीच आहेत, तेव्हा पाकीट वाचूनच आणा किंवा सरळ फेटलेलं क्रीम ठेवा. आणि दूध न घेणारे आम्ही चार-पाच जण आहोत. ओटचं दूध यात छान लागतं, स्वतःच थोडं दाट होतं. बदामाचं पातळ पडतं, शिवाय सुक्या मेव्याची अॅलर्जी असणाऱ्यांना ते चालणार नाही. डार्क चॉकलेटमध्येही कधीकधी दुधाचे पदार्थ असतात, तेही बघायला हवं.

---

प्रेषक: काका (खजिनदार)

बरोबर. तुमच्यासाठी वेगळं पातेलं: कोको, साखर आणि गरम पाण्याचं सरबतासारखं मिश्रण, त्यावर ओटचं दूध. चॉकलेटची भानगडच नको.

बाकीच्यांसाठी ऐन वेळी चाळीस कप घोटत बसू नका. आदल्या दिवशी ६०० ग्रॅम चॉकलेट बारीक चिरून मोठ्या भांड्यात ठेवा. ६०० मिली क्रीममध्ये २०० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घालून गरम करा, चॉकलेटवर ओता आणि दोन मिनिटं हात लावू नका. मग मधून बाहेर असं हळूहळू ढवळत जा. आधी फाटल्यासारखं दिसेल, घाबरू नका, जुळून येतं. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतं. कार्यक्रमात १५० मिलीच्या कपात याचे दोन भरगच्च मोठे चमचे आणि वर गरम दूध. एकूण साडेपाच लिटर दूध पुरेल.

सुगंध या मिश्रणात घालायचा नाही. पेपरमिंटची बाटली टेबलावर ठेवा आणि थेंब घालायला एका जबाबदार माणसाला बसवा, मुलांच्या हाती बाटली नको. वहिनींना दालचिनी-संत्र्याचं हवं असेल तर निम्मं दूध त्यांनी आधीच सुगंधी करून गाळून ठेवावं.

दूध गॅसवर तापवून मगच स्लो कुकरमध्ये (मंद आचेवर चालणाऱ्या विजेच्या भांड्यात) ओता आणि 'वॉर्म'वर ठेवा. थंड दूध तापवणं त्या सेटिंगचं काम नाही, आणि 'हाय'वर ठेवलंत तर तळाला लागेल. दूध ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं पाहिजे. बाहेर कोमट राहिलेलं दूध दोन तासांनी टाकून द्यायचं, कितीही जीवावर आलं तरी.

सहा लिटरचा एक कुकर माझ्याकडे आहे. वहिनींच्या दुधासाठी एक आणि ओटसाठी एक लहान लागेल. कुणाकडे असेल ते शुक्रवारपर्यंत कळवा.

---

प्रेषक: वहिनी (खानपान समिती)

दुसरा माझाच आणते. झाकणाची मूठ तुटलीय, फडक्यानं धरावं लागेल. पेपरमिंटच्या बाटलीपाशी काकांना बसवा.