विमानवाहतुकीचे भवितव्य: हरित इंधन येईल, पण ते कशापासून तयार करायचे?

वैनतेय
येत्या २५ वर्षांत विमानवाहतुकीत काय बदलेल याची चर्चा बहुधा हायड्रोजनवर किंवा बॅटरीवर उडणाऱ्या नव्या विमानांभोवती फिरते. माझ्या मते या उद्योगाचे भवितव्य विमानाच्या रूपापेक्षा त्याच्या टाकीत काय भरले जाईल यावर अधिक अवलंबून आहे. इंडिगोने जून २०२३ मध्ये ज्या ५०० एअरबस विमानांची मागणी नोंदवली, ती २०३० ते २०३५ या काळात मिळणार आहेत आणि प्रवासी विमान साधारणतः २० ते २५ वर्षे सेवेत राहते. याचा अर्थ असा की, आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने २०२१ मध्ये ज्या वर्षापर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचा संकल्प केला, त्या २०५० मध्येही केरोसीनसारख्याच इंधनावर चालणारी विमाने आकाशात असतील.

म्हणून मला हरित विमान इंधन, म्हणजे खनिज तेलाऐवजी वनस्पती किंवा टाकाऊ पदार्थांपासून तयार केलेले केरोसीनसारखे इंधन, हाच व्यवहार्य मार्ग वाटतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हर्जिन अटलांटिकचे बोइंग ७८७ संपूर्णपणे अशा इंधनावर लंडनहून न्यूयॉर्कला गेले. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअरएशिया इंडियाच्या विमानात पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजने देशी कच्च्या मालापासून तयार केलेले इंधन अल्प प्रमाणात मिसळले होते. युरोपीय संघाने २०२५ पासून २ टक्के मिश्रण सक्तीचे केले असून २०५० पर्यंत ते ७० टक्क्यांवर न्यायचे ठरवले आहे. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के असे उद्दिष्ट ठेवले आहे. ऊस, मळी आणि इथेनॉल यांचा दीर्घ अनुभव असलेल्या महाराष्ट्राने या कामात पुढाकार घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोरडवाहू
आपल्या मांडणीतील विमानांचे गणित मला मान्य आहे, परंतु उसाचे गणित आपण मांडलेलेच नाही. एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते. विमान इंधन बनवण्यासाठी आधी इथेनॉलमधील पाण्याचा अंश काढून त्याचे इथिलीन करावे लागते; त्यात वजन जवळजवळ ४० टक्क्यांनी घटते, म्हणजे एक टन विमान इंधनासाठी किमान ३० टन ऊस लागतो. देशात वर्षाला सुमारे ९० लाख टन विमान इंधन खपते. त्याचा ५ टक्के भाग उसाच्या रसातून काढायचा म्हटले तर सव्वा कोटी टनांहून अधिक ऊस लागेल. महाराष्ट्रातील सर्व कारखाने मिळून चांगल्या हंगामात सुमारे दहा कोटी टन ऊस गाळतात, हे लक्षात घेतले म्हणजे या मागणीचा आवाका कळतो.

आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा असतो आणि तेवढा काळ त्याला पाणी द्यावे लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि त्याच मराठवाड्यात ऊसही उभा होता. ज्या भागात पिण्याच्या पाण्याची शाश्वती नाही, तेथील पाणी दुबईच्या विमानासाठी उपसण्याला हरित म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

वैनतेय
आपला हिशोब योग्य आहे, परंतु तो देशाच्या संपूर्ण खपाचा आहे; ५ टक्क्यांचे उद्दिष्ट केवळ आंतरराष्ट्रीय उड्डाणांना लागू असल्याने प्रत्यक्ष मागणी बरीच कमी राहील. शिवाय उसाच्या रसाला मीही प्राधान्य देणार नाही. साखर काढून झाल्यावर उरणारी सी हेवी मळी, बगॅस (रस काढल्यावर उरणारे चिपाड), शेतातील पाचट (उसाची वाळलेली पाने) आणि वापरलेले खाद्यतेल यांच्यासाठी वेगळे पाणी द्यावे लागत नाही. इंडियन ऑइलच्या पानिपत शुद्धीकरण कारखान्याला २०२५ मध्ये वापरलेल्या खाद्यतेलापासून असे इंधन तयार करण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले आहे.

गाळप हंगाम
मी साखर कारखान्यात काम करतो, म्हणून बगॅसविषयी लिहितो. बगॅस आमच्याकडे टाकाऊ म्हणून पडून नसतो. तो बॉयलरमध्ये जाळला जातो, त्याच्या वाफेवर कारखाना चालतो आणि सहवीजनिर्मितीतून उरलेली वीज विकली जाते. तो विमान इंधनाकडे वळवला तर बॉयलरसाठी दुसरे काही जाळावे लागेल, आणि ते कोळसा असेल तर एका ठिकाणी वाचवलेला कार्बन दुसऱ्या ठिकाणी बाहेर पडेल. मळीचेही तसेच आहे, कारण तिच्यावर पेट्रोलमधील मिश्रण, मद्यार्क आणि रसायन उद्योग असे तिघांचे हक्क आधीपासून आहेत. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली आणि काही दिवसांत ती अंशतः शिथिल केली. एवढ्या अनिश्चिततेत इंधनाच्या नव्या प्रकल्पासाठी कोणता कारखाना कर्ज काढील?

पाचटाबाबत मात्र मी आपल्याशी सहमत आहे. बऱ्याच शेतांत ते आजही पेटवून दिले जाते, आणि ते गोळा करण्याची व्यवस्था उभी राहिली तर शेतकऱ्याला चार पैसे मिळतील.

समांतर रूळ
ही सर्व चर्चा पुरवठ्याची चालली आहे. मागणीबद्दल कोणीच बोलत नाही. पानिपतची नियोजित क्षमता वर्षाला सुमारे ३५,००० टन आहे, म्हणजे देशाच्या खपाच्या अर्धा टक्काही नाही. जगातही २०२४ मध्ये हरित इंधनाचा वाटा एकूण विमान इंधनाच्या केवळ ०.३ टक्के होता. हे इंधन इंजिनात जळताना साध्या केरोसीनइतकाच कार्बन डायऑक्साइड सोडते. बचत होते ती कच्च्या मालाच्या उगमाशी, कारण पीक वाढताना तो कार्बन हवेतूनच घेते. अशा स्थितीत उड्डाणांची संख्या वाढत राहिली तर मिश्रणाचे टक्के वाढूनही एकूण उत्सर्जन वाढतच जाईल.

फ्रान्सने २०२३ मध्ये अडीच तासांच्या आत रेल्वेने पोहोचता येईल अशा ठिकाणची देशांतर्गत उड्डाणे बंद केली, आणि पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून नांत, लियों व बोर्दो येथे जाणारी उड्डाणे थांबली. मुंबई–अहमदाबाद हे ५०८ किलोमीटरचे अंतर वेगवान रेल्वेने जोडले जात आहे. ती सुरू झाल्यावर तेथील विमानफेऱ्या कमी करण्याचा विचार आजच व्हायला हवा.

वैनतेय
मुंबई–अहमदाबादबाबत मला आपले म्हणणे पटते, परंतु फ्रान्सचा दाखला आपल्या देशाला सरसकट लावता येत नाही. मुंबई ते नागपूर हा रेल्वेने आजही रात्रभराचा प्रवास आहे, आणि उपचारासाठी किंवा नोकरीच्या मुलाखतीसाठी प्रथमच विमानात बसणाऱ्या माणसाला, पर्याय उभा करण्याआधीच, तुझ्यामुळे उत्सर्जन वाढते असे सांगणे मला योग्य वाटत नाही. आखाती देशांत कामाला असलेल्या लोकांना तर रेल्वेचा पर्यायच नाही.

हायड्रोजनची वाट पाहावी, असेही कोणी म्हणेल. द्रवरूप हायड्रोजन उणे २५३ अंशांवर ठेवावा लागतो, तेवढ्याच ऊर्जेसाठी केरोसीनच्या सुमारे चौपट जागा व्यापतो, आणि हायड्रोजनवरील विमानासाठी २०३५ चे लक्ष्य ठेवणाऱ्या एअरबसनेही २०२५ मध्ये ते पुढे ढकलले.

कोरडवाहू
तर मग कच्चा माल कोणता चालेल हे कायद्यातच लिहा. युरोपीय संघाने आपल्या सक्तीतून अन्नधान्य आणि चाऱ्याच्या पिकांपासूनचे इंधन वगळले आहे. आपल्याकडे पाचट आणि वापरलेले तेल चालेल, उसाचा रस चालणार नाही, अशी अट उद्दिष्टासोबत आली तर माझा विरोध राहणार नाही. अट नसेल तर कारखाना सर्वांत सोपा मार्ग निवडील, आणि सर्वांत सोपा मार्ग रसाचाच आहे.

वैनतेय
ही अट मला मान्य आहे. तिच्यामुळे इंधन महाग होईल आणि त्याचा भार तिकिटावर येईल. तो देशांतर्गत प्रवाशाऐवजी लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लासवर आधी टाकावा, एवढीच माझी भर आहे.